चोख धूलाई

(वहीतले ह्रस्व-दीर्घ नंतर लाल पेनाने सुधारले आहेत. ‘धूलाई’ तेवढी मुद्दाम जशीच्या तशी ठेवली आहे.)

सोमवार

लिहायचं लिहायचं म्हणत ही वही उशाखाली ठेवली, तिला तिथेच बाक आला. आज लिहू, उद्या लिहू. काल तर पेनही काढलं होतं. मग टोपण सापडेना. ते शोधताना पलंगाखाली एक मोजा सापडला, त्या मोज्याचा जोडीदार शोधायला खाली दुकानात गेले, आणि लिहायचं राहिलंच. वही देताना ताई म्हणाली होती, “रोज चार ओळी लिही, म्हणजे तू कुठे आहेस हे निदान तुला तरी कळेल.” टोमणाच होता, पण खोटा नव्हता.

तर मी कुठे आहे ते लिहिते. ‘चोख धूलाई’ या लाँड्रीच्या माळ्यावर. खाली मशीनं घरघरतात आणि वर माझा पलंग थरथरतो. पहिल्या आठवड्यात पाळण्यात झोपल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, कोणीतरी मला पिळून वाळत घालणार आहे. लोक आपले कपडे आणतात, मशीनमध्ये टाकतात आणि समोरच्या बाकावर बसून ते फिरताना बघतात. मी साबणाची पावडर द्यायची, अडकलेली दारं उघडायची आणि लोक विसरून गेलेले मोजे टोपलीत टाकायचे. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात, म्हणून मीही म्हणते. याआधी मी रोपवाटिकेत होते, मग बेकरीत, मग एका रंगाऱ्याच्या हाताखाली. कुठेच टिकले नाही. घरी मला भिंगरी म्हणतात ते उगाच नाही.

बाबा छापखान्यात प्रुफं तपासायचे. ते निवृत्त झाले, त्यांचं लाल पेन झालं नाही. मी कॉलेज अर्ध्यावर सोडून निघाले तेव्हा ते एवढंच म्हणाले, “वाक्य अर्धवट सोडू नये.” त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मी घरी मेल लिहिते, ताई तो छापून त्यांना देते, ते त्यावर लाल खुणा करतात आणि ताई त्या कागदाचा फोटो काढून मला पाठवते. झालं आमचं बोलणं. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. ‘नाहि’ नव्हे, ‘नाही’. हा बाप आहे का परीक्षक?

पण फोटो यायला उशीर झाला की मी सारखी फोन उघडून बघते, हेही लिहून ठेवते. इथे कोण वाचतंय.

बुधवार

काकूंनी वायफाय घेतलं. समोरच्या गल्लीतल्या लाँड्रीत आहे म्हणून आपल्याकडेही हवं. केबलवाला आला, भिंतीवर एक डबा ठोकला, डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली आणि निघताना म्हणाला, “नाव दुकानाचंच ठेवलंय, मराठीत. पासवर्ड नाही ठेवला, तुम्हीच नको म्हणालात. बघा बाई, सगळ्यांना उघडं ठेवणं बरं नाही.”

“अहो, लोक धुणं धुवायला येतात. त्यांना पासवर्ड कुठे सांगत बसू?” काकू म्हणाल्या.

मग मला म्हणाल्या, “तू रंगाऱ्याकडे होतीस ना? मोठ्या अक्षरात बोर्ड लिही.”

लिहिला! निळ्या तेलरंगात, दारासमोरच्या भिंतीवर, रस्त्यावरूनही दिसेल असा: मोफत वायफाय, चोख धूलाई. भोवती साबणाचे फुगे काढले. फुगे काढण्यात दुपार गेली, एका फुग्यात तर खिडकीचं प्रतिबिंबसुद्धा काढलं. ‘धू’ला पहिला उकार का दुसरा, इथे जरा अडले होते. पण मी डोकं लावलं. कपड्यातली काय जाते? धूळ. धूळ दीर्घ. म्हणून धूलाई दीर्घ. शाळेत असं कोणी समजावून सांगितलं असतं तर मी कुठल्या कुठे पोचले असते.

बोर्डाबद्दल घरी मेल केला.

शनिवार

बाबांचा कागद आला. सगळ्या मेलमध्ये ‘धूलाई’भोवती एवढं मोठं लाल वर्तुळ, आणि समासात लिहिलंय: ‘धुलाई. ह्रस्व.’ फुग्यांबद्दल एक अक्षर नाही.

हे असं असतं बघा. मुलीने आयुष्यात पहिल्यांदा एक काम पुरं केलं, त्याचं काही नाही. आणि एवढ्या लांबून यांना काय दिसतंय? बोर्ड माझ्यासमोर आहे. धूळ म्हणजे धूळ. मी काही बदलणार नाही. तेलरंग आहे, पुसायचा तर टर्पेंटाइन लागेल, ते आणायला बाजारात जावं लागेल. नंतर बघू.

आज एक नवं गिऱ्हाईक आलं. फार टापटीप माणूस. एक पांढरी चादर घेऊन आला, ती मशीनला लावली आणि कोपऱ्यात ड्रायरपाशी लॅपटॉप उघडून बसला. चादर आधीच इतकी स्वच्छ होती की मला वाटलं, चुकून धुतलेलीच घेऊन आला. पण म्हणाला, “मला जरासुद्धा डाग चालत नाही.” अशी माणसं हल्ली कुठे असतात! बाकीचे इथे काय काय आणतात ते मी लिहीत नाही.

जाताना बोर्डासमोर उभा राहिला. “हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“सुंदर. असंच ठेवा. काही बदलू नका.”

घ्या! एक लांबचा माणूस कौतुक करतो, आणि जन्मदाता वर्तुळं काढतो.

मंगळवार

चादरवाला रोज येतो, रोज तीच चादर. इतकी धुऊन तिच्यातून आता पलीकडचं दिसेल. काकू म्हणतात, “याच्या घरी चादर एकच आहे का माणूसच एक आहे?” मला तो आवडतो. म्हणजे तसा नाही. बोलायला चांगला आहे. घरी कोण असतं, त्यांना मी फोन करते का मेल, सगळं विचारतो. मी सांगितलं सगळं, बाबांच्या लाल पेनाचंसुद्धा. खूप हसला.

आणि वायफायचं काय झालंय कोणास ठाऊक, कालपासून फोनमध्ये दोन-दोन नावं दिसतात. एक ‘चोख धुलाई’, एक ‘चोख धूलाई’. मी काकूंना विचारलं, तुम्ही दुसरं कनेक्शन घेतलंत का? त्या म्हणाल्या, “एकाचेच पैसे जीव काढतायत.” मग केबलवाल्यानेच जोर वाढवला असेल. पण कुठलं धरायचं? गिऱ्हाइकंही विचारत होती. मी सरळ सांगितलं, बोर्डवर बघा, बोर्डवर जसं आहे तसं आपलं. दुसरं आजूबाजूच्या कोणाचं तरी असणार. फुकट्या लोकांचा काही नेम नाही, आपलं नाव चोरायलाही कमी करायचे नाहीत.

आपलं चांगलं आहे, चटकन चालतं. फक्त जोडलं की आधी एक पान उघडतं: स्वागत असो, मोफत इंटरनेटसाठी आपला ईमेल आणि त्याचा पासवर्ड टाका. मी टाकला. नर्सबाई (पलीकडच्या दवाखान्यातल्या, त्यांचे कपडे आठवड्यातून दोनदा असतात) कुरकुरल्या, “फुकट वायफायला माझा पासवर्ड कशाला?” मी त्यांना समजावलं, की मोठ्या मोठ्या ठिकाणी असंच असतं. मग त्यांनीही टाकला.

फोन मधूनच विचारत होता, ‘खात्याला दुसरं कुलूप लावायचं का?’ हे तो कधीपासून विचारतोय. मी ‘नंतर’ दाबलं. तो एक सारखा मध्ये मध्ये बोलतो.

शुक्रवार

माझा पासवर्ड चुकीचा आहे म्हणे.

माझा! मी रोज टाकते तोच. रोपवाटिकेतल्या कुत्र्याचं नाव आणि पुढे एक. सकाळपासून टाकतेय. हळू टाकला, जोरात टाकला, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकला, तेव्हा बाकावरच्या सगळ्यांनी ऐकला. चुकीचा. चुकीचा. चुकीचा. या फोनला उचलून मशीनमध्ये घालावंसं वाटलं, जाड कपड्यांच्या चक्रावर.

बाबांच्या कागदाची वाट बघत होते मी. मंगळवारी मेल केला होता, त्यात पहिल्यांदाच मनातलं लिहिलं होतं. की बाबा, खुणा करा, पण खाली एक ओळ तुमचीही लिहा. आता त्यांनी लिहिली असली तरी मला कसं कळणार?

दुपारी नर्सबाई धुण्याची टोपली आपटत आल्या. “अगं, माझ्या नावाने माझ्या सगळ्या मैत्रिणींना मेल गेलेत, मी कुठेतरी अडकलेय म्हणून! मी इथे तुमच्या बाकावर अडकलेय!”

चादरवाला आज आला नाही. त्याचंही खातं गेलं असेल बिचाऱ्याचं. चादर ड्रायरमध्येच विसरून गेलाय. मी नीट घडी करून ठेवली, आला की देईन.

आणि ते दुसरं नाव गेलं. म्हणजे आपलं गेलं, ‘धूलाई’. आता नुसतं परक्याचं ‘धुलाई’ दिसतंय. आमचं वायफाय बंद पडलं, आणि डब्याचा दिवा मात्र लागलेलाच. सगळंच डोक्याच्या वर चाललंय.

शनिवार

ताईला फोन केला. उचललाच नाही. पुन्हा केला. मग लागेचना, नुसतंच टूं टूं. माझा नंबर तिने बंद करून टाकलाय! काकूंचा जुना बटणांचा फोन घेतला आणि त्यावरून लावला.

“ताई, मी.”

“मी कोण?”

“मी कोण काय! भिंगरी!”

मग ताई जो आवाज वीज खात्याच्या माणसासाठी ठेवते तो आवाज: “हे बघा बाई, तुम्ही जी कोणी आहात. आमच्या भिंगरीने मेलमध्ये सगळं लिहिलंय. तिचा फोन चोरीला गेलाय, आणि त्यावरून कोणीतरी तिचा आवाज काढून बोलेल हेसुद्धा लिहिलंय. ती दवाखान्यात आहे, तिचं ऑपरेशन आहे. लाज वाटत नाही तुम्हाला?”

“अगं, कसलं ऑपरेशन? माझं काहीही दुखत नाहीये! तो मेल मी नाही लिहिला!”

“असंच म्हणणार तुम्ही, असंही तिने लिहिलंय.”

मी म्हटलं, बरं, काहीतरी विचार, जे फक्त मला माहीत असेल. नाहीतर मीच सांगते. लहानपणी तुझ्या वेणीला मी डिंक लावला होता. बाबांच्या डब्यातला.

“ते तिने मागेच मेलमध्ये लिहिलं होतं. फोन चोरलात म्हणजे मेलही वाचले असतील. ठेवा फोन.”

ठेवला. म्हणजे तिनेच ठेवला. काकू म्हणाल्या, “काय झालं गं?” मी म्हटलं, काही नाही, मी मी नाहीये.

आई पैसे पाठवायला निघाली असेल. आई विचार करत नाही, निघते. आणि बाबा? बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण त्या चोराचा मेल त्यांच्या हातात गेला असेल. माझ्याऐवजी त्याच्याच कागदावर ते लाल खुणा करत असतील. पैशांपेक्षा मला त्याचाच जास्त राग येतोय. ती आमची एकच जागा होती.

सोमवार

केबलवाला आला एकदाचा. आला तोच चिडलेला, कारण बाहेर नर्सबाईंनी त्याला पायऱ्यांवरच धरला होता.

त्याने फोन बघितला, कपाळाला हात लावला. “फुकट वायफायच्या पानावर मेलचा पासवर्ड टाकला? स्वतःच्या हाताने? अहो, वायफाय द्यायला कोणाला तुमच्या मेलचा पासवर्ड लागतो? उद्या कोणी पाणी पाजलं आणि म्हटलं घराची किल्ली द्या, द्याल?”

“पण आपल्याच दुकानाचं नाव होतं ना! मी नाव बघून जोडलं!”

“नाव कोणीही ठेवतं हो. एक लॅपटॉप घ्यायचा, शेजारी बसायचं, हवं ते नाव द्यायचं. तुम्ही त्यात शिरलात की तो पाहिजे ते पान दाखवतो. कुठलं होतं नाव?”

“चोख धूलाई,” मी म्हटलं.

“आणि खरं कुठलं?”

“चोख धुलाई,” काकू म्हणाल्या.

“मग एकच की.”

“तेच तर मी म्हणतेय!” आम्ही दोघी एकदम.

“अहो, ह्रस्व का दीर्घ?”

“मला काय विचारता? मी कपडे धुते,” काकू म्हणाल्या.

मग तो स्टुलावर चढला, डब्यावरची चिठ्ठी वाचली, स्टुलावरूनच मागे वळला आणि माझ्या बोर्डाकडे बघत राहिला. फुग्यांकडे नाही, ‘धू’कडे. “हा बोर्ड कोणी लिहिला?”

मी म्हटलं, एका रंगाऱ्याच्या हाताखाली शिकलेल्या व्यक्तीने.

“मग त्या व्यक्तीला सांगा, चोराने काहीच चोरलं नाही. ते नाव रिकामं पडलं होतं, तुम्ही भिंतीवर लिहून ठेवलंत, तो येऊन बसला त्यात.”

काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की पावडरशिवायही डाग निघाला असता. मी धुळीचं स्पष्टीकरण द्यायला गेले. केबलवाला म्हणाला, “धूळ असो नाहीतर चिखल असो, चिठ्ठीवर पहिला उकार आहे.”

त्याने डब्याला पासवर्ड लावला. मग आम्हा दोघींना आणि बाकावर जे होते त्या सगळ्यांना शाळेसारखं उभं करून सुनावलं. नाव आधी दुकानदाराला विचारून जोडा. फोन आपोआप जोडतो ते बंद करा. बँकेचं काम बाहेरच्या वायफायवर करूच नका, स्वतःच्या फोनचं नेट वापरा. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवू नका. दुसरं कुलूप लावा, म्हणजे पासवर्ड गेला तरी फोनवर कोड आल्याशिवाय कोणी आत शिरत नाही. “लावलं होतं का?” मला विचारलं. मी म्हटलं, ‘नंतर’ दाबलं होतं. तो स्टुलावरून खाली उतरला.

खातं परत मिळवायचं म्हणून त्याने बरीच खटपट केली. शेवटी कंपनीने विचारलं, मदतीच्या नंबरवर कोड पाठवू का? नंबर कोणाचा? ताईचा. मीच दिला होता कधीतरी. म्हणजे माझं खातं मला परत मिळायला ताईने कोड सांगायला हवा, आणि मी मी आहे हे ताईला पटायला माझं खातं हवं. मी बाकावर बसून हसत सुटले. नर्सबाईंनी माझी नाडी बघितली.

काकूंचा हुकूम: आजच्या आज बोर्ड दुरुस्त कर. टर्पेंटाइन आणायला निघाले. रस्त्यात त्या चादरवाल्यासारखा एक माणूस पाठमोरा दिसला, चादर परत द्यावी म्हणून त्याच्या मागे मागे बस स्टँडपर्यंत गेले. दुसराच निघाला. परत आले तोवर रंगाचं दुकान बंद. काकू म्हणाल्या, “मग झाक तरी तो, अजून कोणी फसायला नको.” झाकायला काही सापडेना, म्हणून त्याचीच चादर बोर्डावर टांगली.

काकू खालून बघत म्हणाल्या, “काय गं, ही चादर मळलेली कधी बघितलीस का तू?”

“म्हणून तर म्हणते, टापटीप माणूस.”

“आणि वायफाय आलं त्याच आठवड्यात आला, आणि तुमची खाती गेली त्याच दिवशी गेला.”

काकूंचा माणसांवर विश्वासच नाही. अख्खं आयुष्य लोकांचे डाग बघितले की असं होत असेल.

मंगळवार

टर्पेंटाइन आणलं नाही. आधी ताईचं बघायला हवं.

नर्सबाईंनी त्यांचा फोन दिला. त्यांच्या फोनच्याच नेटवर, वायफायवर नाही. केबलवाल्याची शपथच घेतलीय त्यांनी. म्हणाल्या, तोंड दाखव, तोंड बघून तरी ओळखेल. व्हिडिओ लावला, ताईने उचलला. मी म्हटलं, “ताई, बघ, मीच आहे!” आणि तेवढ्यात चित्र अडकलं. माझं तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, तसंच्या तसं. आवाज मात्र जात होता.

ताई म्हणाली, “बघितलं! ओठ हलत नाहीयेत. हल्ली चेहरेसुद्धा बनवतात, मी बातम्यांत बघितलंय. आणि बनवायचा तर नीट तरी बनवा!”

“ताई, माझा चेहरा असाच आहे!”

“आमची भिंगरी इतकी बेकार दिसत नाही.”

हे ऐकून बरं वाटावं का वाईट, मला ठरवता आलं नाही. मी ओरडले, “निदान पैसे तरी पाठवू नका! बाबांना दे फोन!”

“बाबा कोणाशी बोलत नाहीयेत. पैसेही पाठवू देत नाहीयेत, आईशी भांडण झालंय त्यावरून. तो मेल घेऊन बसलेत. खरं सांगू, इतका सुंदर मेल तिने कधी लिहिला नव्हता. सगळं शुद्ध. त्यांना एकसुद्धा खूण करता आली नाही. लाल पेन उघडं ठेवून दोन दिवस नुसते त्या कागदाकडे बघतायत. मला वाटतं, मुलगी सुधारली हे बघून त्यांना भरून आलंय.” मग तिच्या लक्षात आलं. “आणि हे मी तुम्हाला कशाला सांगतेय!” फोन बंद.

नर्सबाई म्हणाल्या, “अगं, रडतेस काय?”

रडत नव्हते. चिडले होते. पहिलीपासून मी त्या माणसाला कागद दाखवतेय. गृहपाठ, निबंध, वाढदिवसाचं शुभेच्छापत्र. त्यावरसुद्धा लाल वर्तुळ होतं, ‘दिर्घायुश्य’वर! एकदाही कोरा कागद परत मिळाला नाही. आणि हा कोण कुठला चोर, पहिल्याच फटक्यात पैकीच्या पैकी! बाबांना तर अशीच मुलगी हवी होती. ऑपरेशन झालेली, पैसे मागणारी, पण शुद्ध. आता मी काहीही लिहिलं तरी त्या कागदाशेजारी ते खोटंच दिसणार.

बुधवार

साध्या टपालाने पत्र पाठवावं असं ठरवलं. बसले. ‘तीर्थरूप’मध्ये तीर कुठला आणि रूप कुठलं, इथेच अडकले. काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या, “सरळ ‘बाबा’ लिही.” ‘बाबा’मध्ये चुकण्यासारखं काही नाही, म्हणून तेवढं लिहिलं. पुढे काय लिहू? जे लिहीन त्यात चुका असणार, आणि शुद्ध मुलगी त्यांना आधीच मिळालीय. पाच-सहा कागद फाडले. मग त्यांची होडी केली. होडी चांगली झाली.

शेवटी ठरलं: आपणच जायचं. समोर जाऊन उभं राहायचं. व्हिडिओ अडकतो, माणूस काही अडकत नाही. बाबा दार उघडतील आणि बोलणार नाहीत, ते एक असो. पण निदान ओळखतील तरी. ओळखतील ना? मी निघाले तेव्हा माझे केस कमरेपर्यंत होते.

काकू रजा द्यायला तयार आहेत. एका अटीवर: जाण्याआधी बोर्ड नीट कर. “काम अर्धवट टाकून जायचं नाही,” म्हणाल्या. सगळे एकाच शाळेत शिकलेत.

गुरुवार

दुपार. उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं. टर्पेंटाइन आणलं, फडकं आणलं, बारीक ब्रश आणला. आता बोर्ड करायला जायचंच होतं, तेवढ्यात ब्रश भिजत ठेवायला डबा हवा म्हणून वर आले, आणि वही दिसली. म्हटलं दोन ओळी लिहू.

एक गोष्ट सकाळपासून डोक्यात आहे. धुणं. मशीनला कपडे लावताना सहज मनात आलं, की आपण ‘धुणं’ म्हणतो, ‘धुतलं’ म्हणतो, ‘धुवायला’ म्हणतो. या सगळ्यांना पहिला उकार. तेवढ्या ‘धूळ’लाच दुसरा. म्हणजे धुलाई ही धुळीची कोणी नाही, धुण्याची आहे. हे बाबांनी समासात लिहिलं असतं तर? नुसतं ‘ह्रस्व’ म्हणून काय कळतं? आणि मी तरी त्यांना कधी विचारलं होतं, का म्हणून?

आणि ती चादर. तिला एकदाही पावडर लागली नव्हती. तो पावडर घ्यायचाच नाही. मीच तर पावडर देते, मला कसं...

खालून काकूंच्या हाका चालल्यात. येते म्हटलं. थांबायला तयार नाहीत, अर्धा जिना चढून आल्यात. बोलतायत ते जसंच्या तसं लिहिते, मग उठते:

“अगं ए, खाली चल! एक म्हातारे गृहस्थ आलेत. कपडे नाहीत, पिशवी नाही, काही नाही. सरळ आत आले, मला न विचारता चादर वर केली, आणि तुझ्या बोर्डावर लाल पेनाने गोल काढतायत! मी म्हटलं, अहो, हे काय, कोण हवंय तुम्हाला? तर खिशातून एक छापील कागद काढला. त्यावर एक खूण नाही. तो मला दाखवला आणि म्हणाले, ही माझी मुलगी नाही. मग त्या ‘धू’वर बोट ठेवून म्हणाले, ही आहे. ऐकतेस ना? विचारतायत, जेवलीय का ती.”